भाचेसुनेचं नॉर्वेतलं मूळ गाव आम्ही कसं शोधलं, आणि तुम्हाला शोधायचं असेल तर काय करायचं

गेल्या चवथीला माझा भाचा बायकोला घेऊन मिनिसोटाहून आला होता, माझ्या माहेरी, गोव्यात बांदोड्याला. पोरगी अमेरिकेत जन्मलेली, आई-बाप, आजी-आजोबाही तिथलेच, आडनाव हौगेन, आणि घरातले सगळे अजून स्वतःला नॉर्वेजियन म्हणतात, जरी त्यांचा माणूस नॉर्वे सोडून दीडशे वर्षांवर झाली तरी. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झाली, जेवणं झाली आणि दादाने कपाटातून वंशावळीची वही काढली, कापडात बांधलेली, अकरा पिढ्यांची. ती बराच वेळ बघत बसली आणि मग मला म्हणाली, आत्या, आमची अशी वही करता येईल का, आमच्याकडे पणजोबाच्या वर कोणालाच काही ठाऊक नाही. मी म्हटलं करूया की. मला हे जुने कागद वाचायचं वेड आहेच, देवळाच्या महाजनांच्या याद्या, पोर्तुगीज काळातले दस्त, सगळं मी आमच्या घरासाठी उपसलंय. तर आठ महिने लागले, रोज रात्री एक-दोन तास, बहुतेक सगळं फोंड्यात बसून इंटरनेटवरच, आणि खर्च जवळजवळ काही नाही.

हे लिहितेय कारण आपल्याकडची कितीतरी मुलं आता मिनियापोलिस, मॅडिसन, फार्गो या बाजूला आहेत, तिथे लग्नं जमतायत, आणि त्या भागात व्याही नॉर्वेजियन वंशाचे निघायची शक्यता भरपूर. त्यांचं मूळ शोधून देणं ही मला तरी अहेरापेक्षा मोठी गोष्ट वाटते.

थोडं मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. १८२५ साली जुलैच्या सुरुवातीला स्ताव्हांगेर बंदरातून रेस्टोरेशन नावाचं छोटंसं गलबत ५२ माणसं घेऊन निघालं आणि ९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पोचलं तेव्हा ५३ होती, वाटेत एका बाईचं बाळंतपण झालं. तिथून पुढच्या शंभर वर्षांत आठ लाखांवर माणसं गेली, आणि नॉर्वे म्हणजे केवढासा देश, लोकसंख्येच्या हिशोबात बघितलं तर आयर्लंड सोडलं तर युरोपातल्या एवढ्या मोठ्या वाट्याने कोणी गेलं नाही. कारण साधंच, डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये पिकाऊ जमीन अगदी थोडी, माणसं वाढत चाललेली, शेतवाडी जायची थोरल्याकडे, बाकीच्यांनी दुसऱ्याच्या बांधावर राबायचं. आणि तिकडे १८६२ चा होमस्टेड कायदा आला, पाच वर्षं राहून जमीन कसा, १६० एकर तुमची. ज्याच्याकडे इथे परसाएवढी जागा नाही त्याला हे ऐकून काय वाटलं असेल.

आता कामाला लागू.

पहिलं काम कॉम्प्युटरवर नाहीच. घरातलं जे सगळ्यात म्हातारं माणूस आहे त्याला व्हिडिओ कॉल लावा. आणि "तुमचं गाव कुठलं" असं विचारू नका, कारण उत्तर "नॉर्वे" एवढंच येतं. वस्तू विचारा. घरात जुनी पेटी आहे का, कारण हे लोक येताना मोठ्या लाकडी पेट्या घेऊन आले आणि बऱ्याच पेट्यांवर पुढच्या बाजूला मालकाचं नाव आणि साल रंगवलेलं असतं. जुनं बायबल आहे का, त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर जन्म-मरण लिहायची पद्धत होती. फोटोंची मागची बाजू बघायला सांगा. कबरीच्या दगडांचे फोटो मागवा. आणि जेवणाचं विचारा, त्यावरून माणूस बोलायला लागतो. आमच्या पोरीची आजी आधी म्हणाली मला काही आठवत नाही, मग लेफ्साचा विषय निघाला आणि ती पाऊण तास बोलली, तिची आजी कुठल्या खोऱ्यातली, कुठल्या चर्चमध्ये नाताळच्या आधी बायका जमून लेफ्सा करायच्या, हे सगळं त्यातून बाहेर आलं.

लेफ्सा म्हणजे बटाट्याची पातळ पोळी. पोरीने आमच्या स्वयंपाकघरात करून दाखवली. बटाटे उकडून गाठ राहू न देता कुस्करायचे, गरम असतानाच लोणी आणि साय घालायची, मग पूर्ण गार होऊ द्यायचं, तिने तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं, आणि मैदा मात्र लाटायच्या अगदी आधी मिसळायचा, नाहीतर पाणी सुटतं. आमच्याकडच्या दमट हवेत पहिल्या चार पोलपाटालाच चिकटल्या. मग वहिनीने पोलपाटावर धुतलेलं धोतराचं कापड ताणून बांधलं, त्यावर पीठ भुरभुरवलं आणि ते जमलं, पोरगी म्हणाली आमच्याकडेही पाटावर कापडच असतं, मी सांगायला विसरले. लाटणं त्यांचं रेघारेघांचं असतं आणि उचलायला लांब पातळ लाकडी पट्टी, आम्ही फूटपट्टी धुऊन घेतली. कोरड्या तव्यावर तपकिरी ठिपके येईपर्यंत भाजायची, फडक्यात गुंडाळून मऊ ठेवायची, लोणी-साखर लावून गुंडाळी करून खायची. हे मी एवढं लांबण लावून सांगतेय कारण वंशावळीच्या वहीत नुसती नावं नकोत, आम्ही ही कृतीसुद्धा आजीच्या शब्दांत लिहून ठेवलीय. लूटेफिस्क मात्र आम्ही केलं नाही, ते सुकवलेली कॉड मासळी क्षाराच्या पाण्यात भिजवून फुगवून करतात, तिकडच्या चर्चमध्ये शरद ऋतूत त्याच्या पंगती बसतात.

दुसरं काम अमेरिकेतले कागद. नॉर्वेत उडी मारायची घाई करू नका, सगळे तिथेच चुकतात. अमेरिकेची दर दहा वर्षांची जनगणना फॅमिलीसर्च या साइटवर फुकट बघायला मिळते, खातं उघडलं की झालं. १९५० पर्यंतची खुली आहे, कारण ७२ वर्षं झाल्याशिवाय ते नावं उघड करत नाहीत. १८९० ची शोधत बसू नका, ती १९२१ च्या आगीत गेली. १९०० च्या जनगणनेत देशात आल्याचं साल लिहिलेलं असतं, ते आधी टिपून घ्या. जनगणनेत जन्मस्थान बहुतेक वेळा नुसतं "नॉर्वे" असतं, किंवा "स्वीडन" दिसलं तरी दचकू नका, १८१४ ते १९०५ नॉर्वे आणि स्वीडनचा राजा एकच होता आणि नागरिकत्वाच्या कागदावर त्याच राजाची निष्ठा सोडल्याचं लिहायचे, तेव्हा लिहिणाऱ्या कारकुनाचा गोंधळ व्हायचा.

मग गाव कुठे मिळतं? चर्चच्या पुस्तकात. हे लोक ल्युथरन पंथाचे ख्रिस्ती, जिथे वस्ती केली तिथे आधी नॉर्वेजियन चर्च उभं केलं, आणि पाद्री स्वतः नॉर्वेतून आलेला असला की त्याला प्रत्येकाचं खोरं माहीत असायचं, म्हणून लग्नाच्या किंवा मृत्यूच्या नोंदीत तो नॉर्वेतलं परगण्याचं, म्हणजे एका चर्चखाली येणाऱ्या भागाचं, नाव लिहून ठेवायचा. आम्हाला गुडह्यू काउंटीतल्या एका चर्चच्या नोंदीत एक शब्द मिळाला, "स्लीद्रे". बस्स, तेवढ्या एका शब्दासाठी अडीच महिने गेले होते. स्लीद्रे म्हणजे व्हाल्द्रेस खोऱ्यातला भाग.

आणि शेजारी बघा. जनगणनेच्या त्याच पानावर वर-खाली दहा-दहा घरं वाचा. एका खोऱ्यातली माणसं एकाच ठिकाणी जाऊन वसायची, एकाने पत्र लिहिलं की मागून भाऊ, मेहुणा, शेजारी यायचे, आपली गोव्याची माणसं मुंबईला गेली की गिरगावात गाववाल्याकडेच उतरायची तसं. आपल्या माणसाचं गाव सापडत नसेल तर शेजाऱ्याचं सापडतं, आणि बरेचदा तेच असतं.

होमस्टेडची फाइलही मागवा, ती वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असते आणि त्यात घर केवढं बांधलं, किती एकर नांगरलं, साक्षीदार कोण हे सगळं असतं. इथे एक गोष्ट मी पोरीशी बोलून वहीत लिहायला लावली. ती जमीन रिकामी नव्हती. मिनिसोटात ती डकोटा लोकांची होती, करारांनी आणि मग १८६२ च्या लढाईने त्यांच्याकडून गेली, आणि त्याच वर्षी २६ डिसेंबरला मँकाटो गावात ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं. पोरीचे पूर्वज त्यानंतर सात वर्षांनी आले, त्यांच्या हातून काही घडलं नाही, पण आपण कोणाच्या जमिनीवर उभे राहिलो हे वंशावळीत असलं पाहिजे असं मला वाटतं, आपल्या गोव्यातल्या भाटांच्या, म्हणजे माडाच्या बागायतींच्या, इतिहासातही कुळं कोण होती हे लिहायला आपण किती कचरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आडनाव. इथे आम्ही तीन आठवडे चुकीच्या माणसामागे फिरलो म्हणून नीट वाचा.

नॉर्वेत तेव्हा आपण म्हणतो तसं आडनाव नव्हतंच. माणसाचं नाव तीन भागांत. समजा ओले, बापाचं नाव क्नुट, तर तो ओले क्नुटसेन, आणि बहीण असेल तर क्नुट्सदात्तर. आणि तिसरा भाग राहतो त्या शेतवाडीचं नाव. ओले क्नुटसेन हौगेन म्हणजे हौगेन वाडीवर राहणारा, क्नुटचा मुलगा ओले. आणि खरी मेख इथेच आहे, तो जर लग्न करून बायकोच्या वाडीवर राहायला गेला, समजा बाक्के वाडीवर, तर तो ओले क्नुटसेन बाक्के होतो. वाडी बदलली की नाव बदललं, कारण ते नाव नव्हे, पत्ता आहे. कायद्याने कायमचं आडनाव घ्यायला लावलं ते १९२३ साली. अमेरिकेत गेल्यावर मात्र कारकुनाला एकच आडनाव हवं, मग एक भाऊ हौगेन झाला, दुसरा क्नुटसन झाला, आणि तिसरा भलतंच काही, तिघे सख्खे.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. केळोशीची शांतादुर्गा सोळाव्या शतकात कवळ्याला आली, माणसंही तिच्यामागून आली, पण केळोशीकर म्हणवून घेणारा माणूस आजही केळोशीचा. आपला "कर" आणि त्यांची वाडी एकच काम करतात, फरक एवढाच की आपण गाव सोडलं तरी नाव धरून ठेवतो आणि ते नवीन ठिकाणाचं लावायचे.

आमची चूक काय झाली, तर "हौगेन" म्हणून सर्च केलं आणि व्हाल्द्रेसमधला पहिला जुळणारा हौगेन पकडला. हौगेन म्हणजे नुसता "टेकाड". बाक्के म्हणजे चढण, लीएन म्हणजे डोंगराचा उतार, दाल म्हणजे दरी, व्हिक म्हणजे खाडीचं वळण. अशी नावं प्रत्येक खोऱ्यात डझनाने, जसं आपल्याकडे प्रत्येक गावात एक तरी "खालचं भाट" असतंच. माणूस पक्का करायचा तर बापाचं नाव, जन्मतारीख आणि परगणा हे तिन्ही जुळलं पाहिजे, दोनवर समाधान मानू नका. आमच्या त्या माणसाची जन्मतारीख चार दिवसांनी चुकत होती आणि आम्ही म्हटलं चालतंय. तो लहानपणीच वारल्याची नोंद नंतर सापडली.

एक मदत मात्र होते. मुलांची नावं ठेवायची पद्धत आपल्यासारखीच, पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, मुलींनाही तसंच आज्यांचं. म्हणून अमेरिकेतल्या भावंडांची नावं क्रमाने लिहून काढली की नॉर्वेतल्या आजोबा-आजीचा अंदाज बांधता येतो. मूल गेलं तर पुढच्याला तेच नाव द्यायचे, तेव्हा एकाच घरात दोन क्नुट दिसले तर गोंधळू नका.

हे हातात आलं की मग नॉर्वेचं दार उघडा. डिजिटालआर्किवे नावाची त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची साइट आहे, पूर्ण फुकट, इंग्रजीत बघता येते, लॉगिनसुद्धा लागत नाही. १८०१, १८६५, १८७५, १९००, १९१० च्या जनगणना टाइप केलेल्या, नावाने शोधता येतात. सर्च करताना नाव पूर्ण लिहू नका, चार अक्षरं लिहून तारांकन टाका, कारण एकच नाव पाच तऱ्हांनी लिहिलेलं असतं. आणि त्यांची तीन जादा अक्षरं आहेत, ए आणि ई चिकटवलेलं, ओ मधून तिरकी रेघ मारलेलं आणि ए च्या डोक्यावर वर्तुळ असलेलं. हे शेवटचं जुन्या कागदात दोन ए करून लिहायचे, १९१७ नंतर वर्तुळ आलं. अमेरिकेत ती तिरकी रेघ गळून गेली. तिन्ही अक्षरं त्यांच्या बाराखडीत झेडच्या नंतर येतात, त्यामुळे यादीत वर शोधाल तर मिळणार नाहीत.

जिल्ह्यांची नावंही बदललीत, १९१९ ला एकदा बरीचशी बदलली, २०२० ला पुन्हा बरेच जिल्हे जोडले, आणि ओस्लोचं नाव १९२५ पर्यंत क्रिस्तियानिया होतं. जिल्ह्यावर विसंबू नका, परगणा धरा.

जनगणनेतून वाडी मिळाली की चर्चची मूळ पुस्तकं, किर्केबूक म्हणतात, त्याची पानं स्कॅन केलेली आहेत. इथे खरा आनंद आहे आणि खरा त्रासही. अक्षर गॉथिक वळणाचं, आपल्या मोडीसारखं, पहिले पंधरा दिवस मला एक ओळ लागली नाही. मी काय केलं, त्याच पाद्र्याच्या हातची, आधीच टाइप झालेली नोंद घेतली आणि स्कॅनशेजारी ठेवून एकेक अक्षर वहीत उतरवलं, त्याचा के कसा, एस कसा, एच कसा. एका पाद्र्याचं अक्षर बसलं की त्याची वीस-तीस वर्षं वाचता येतात. जुन्या नोंदीत तारीख नसतेच, "त्रिनिटीनंतरचा तिसरा रविवार" असं असतं, आपल्याकडे "माघ शुद्ध पंचमी" लिहायचे तसं, त्याचं तारखेत रूपांतर करून देणारे तक्ते ऑनलाइन आहेत. बाप्तिस्म्याच्या नोंदीत साक्षीदारांची नावं असतात ती सोडू नका, ते बहुतेक मामा, काका, आत्या असतात.

पंधराव्या-सोळाव्या वर्षी होणाऱ्या दृढीकरणाच्या, म्हणजे चर्चमध्ये स्वतः श्रद्धेची कबुली द्यायच्या विधीच्या, नोंदीत तर देवीची लस कधी टोचली तेसुद्धा लिहिलेलं असतं, कारण १८१० पासून लस टोचल्याशिवाय दृढीकरण नाही आणि लग्नही नाही असा नियम होता. आमच्या पोरीच्या खापरपणजोबाच्या ओळीत शेवटच्या रकान्यात ती तारीख होती, बारीक शाईत. ते वाचून ती फोनवर गप्पच झाली. म्हणाली, आत्या, त्याच्या दंडावर व्रण असणार.

गाव सोडून गेलेल्यांची यादीही त्याच पुस्तकात मागे असते, नाव, तारीख आणि पुढे "अमेरिका". क्रिस्तियानियाच्या पोलिसांनी १८६७ पासून देशाबाहेर जाणाऱ्यांची नोंद ठेवली तीही त्याच साइटवर आहे. जहाजाचं नाव मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर अडून बसू नका. फक्त न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर शोधू नका एवढंच, ते १८९२ ला सुरू झालं, आणि १८५० नंतरची काही वर्षं तर बहुतेक नॉर्वेजियन जहाजं कॅनडातल्या क्वेबेकला लागायची, तिथून माणसं बोटीने-रेल्वेने आत उतरायची.

वाडी पक्की झाली की बीग्देबूक शोधा. बहुतेक भागांचं असं जाडजूड पुस्तक असतं, त्यात वाडीवार, पिढीवार कोण राहिलं, कोणाला किती मुलं, कोण अमेरिकेला गेलं हे सगळं स्थानिक अभ्यासकांनी लिहून ठेवलंय. आपल्या गांवकारीच्या पुस्तकात वांगडवार, म्हणजे घराण्यावार, नावं असतात त्याची मला आठवण झाली, फक्त हे कितीतरी तपशीलवार. यातली बरीच नॉर्वेबाहेरून ऑनलाइन उघडत नाहीत, पण अमेरिकेत ग्रँड फोर्क्सच्या नॉर्थ डकोटा विद्यापीठात मोठा संग्रह आहे आणि मॅडिसनमध्ये नॉर्वेजियन-अमेरिकन वंशावळ केंद्र आहे, भाचा तिथे एक शनिवार जाऊन आला. शिवाय बीग्देलाग असतात, म्हणजे एकेका खोऱ्यातून आलेल्यांच्या वंशजांचे मेळ, व्हाल्द्रेसवाल्यांचा सगळ्यात जुना, १८९९ चा, अजून चालू आहे, दर वर्षी जमतात. तिथल्या म्हाताऱ्यांना एक मेल टाकली की जे आपल्याला महिनाभरात सापडत नाही ते त्यांच्याकडे असतं. डेकोराह, आयोवा इथलं वेस्टरहाइम म्युझियमही बघायला सांगा, पेट्या, रंगवलेली भांडी, घरंच्या घरं आणून ठेवलीत, १८७७ पासूनचं आहे.

आणि जागा प्रत्यक्ष बघायची असेल तर, प्रत्येक वाडीला नंबर असतो आणि त्याखाली पोट-नंबर, आपला सर्वे नंबर आणि सबडिव्हिजन तसं. नॉर्वेच्या सरकारी नकाशाच्या साइटवर, नॉर्गेसकार्टवर, तो नंबर टाकला की हद्दीसकट जमीन दिसते. जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढायची सवय असलेल्या कुठल्याही गोवेकराला हे पाच मिनिटांत जमेल. आम्ही टेकाडावरची ती छोटी जागा स्क्रीनवर मोठी करून बघितली, खाली ओढा, वर रान. ते लोक हुसमान होते, म्हणजे दुसऱ्याच्या वाडीत झोपडं बांधून राबणारे, आपल्याकडच्या मुंडकारांसारखे, त्यांच्या नावावर तिथे काहीच नव्हतं.

वहीत लिहिताना उच्चार विचारून घ्या. एच आणि जे जोडून आले तर एच बोलत नाहीत, नुसता "य" होतो, अमेरिकेतली नातवंडं मात्र इंग्रजीसारखं वाचतात. आम्ही दोन्ही लिहिलेत, आधी नॉर्वेतला, खाली घरात म्हणतात तो. हयात माणसांच्या जन्मतारखा नेटवर कुठेही चढवू नका, त्या वहीतच राहू द्या. डीएनए टेस्टचं म्हणाल तर कागद संपल्यावर करा, आधी नको.

एक गोष्ट मला आधी लक्षात आली नव्हती. नॉर्वेत बाई लग्न झालं तरी बापाचंच नाव लावायची, मरेपर्यंत अमक्याची मुलगी म्हणूनच नोंद. त्यामुळे पोरीच्या वहीत सात पिढ्यांच्या सगळ्या बायका नावानिशी आल्या, त्यांच्या आयांसकट, फक्त अमेरिकेत गेल्यावरच्या पिढ्यांत त्या नवऱ्याच्या नावाखाली गेल्या आणि तिथेच आम्हाला शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागला. दादाच्या वहीत अकरा पिढ्या आहेत, पण माझ्या पणजीच्या जागी फक्त "माहेर केळोशीकर" एवढंच. या वर्षी चवथीला आम्ही पोरीची ओळ भाच्याच्या नावाशेजारी लिहिली, माहेर हौगेन, स्लीद्रे, व्हाल्द्रेस खोरं, नॉर्वे, आणि खाली तिचं स्वतःचं नाव. मग दादाने पेन माझ्याकडे दिलं. पणजीचं नाव काय होतं हे विचारायला परवा मी आडपईच्या चुलतआतेला फोन लावलाय, ती त्र्याण्णव वर्षांची आहे, म्हणाली दुपारी ये, सांगते.